बेचाळीस नंबरचा फॉर्म

६ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसच्या फॉर्मला शेवटी 'शेरा' म्हणून बोटभर जागा असते. माझं बोलणं तेवढ्यात मावेल असं आमच्या घरात कोणी म्हणणार नाही, म्हणून ही वही. दुकानात शंभर पानी मागितली, त्याने दोनशे पानी काढून दिली. माणसं ओळखतात मला आमच्या कामतघरात.

आजपासून मी 'क्षेत्र संशोधन सहायक'. सव्वीस वर्षं नर्सिंग होममध्ये नर्स होते, ते बंद पडलं, आणि बावन्नाव्या वर्षी मी संशोधक झाले. जानूराव म्हणजे आमचे हे. ते कारखान्यात लूम म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करतात. दिवसभर तिथे हिंदी बोलून घरी आले तरी गिअर बदलत नाही. मला म्हणाले, "रिसर्च मतलब करना क्या है?" म्हटलं, ताप आलेल्यांच्या घरी जायचं, रक्त घ्यायचं, चौदा पानी फॉर्म भरायचा. "बस? ये तो तू पहले भी करती थी." चौदा पानी फॉर्म मी कधी भरला होता ते ह्यांनाच ठाऊक.

मुख्य आहेत माधवी मॅडम. डॉक्टर, वय एकतीस, आवाज असा की शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाऊ नये. मला 'बकुळाताई, प्लीज' म्हणतात. संशोधनात प्लीज कशाला?

८ ऑक्टोबर, बुधवार

आज प्रशिक्षण. रिपोर्टात मलेरिया निघत नाही, डेंगी निघत नाही, तरी ताप उतरत नाही असे पेशंट आपल्याकडे दर वर्षी वाढतायत. त्यातले काही स्क्रब टायफसचे असावेत असा मॅडमचा संशय. गवतात एक किडा असतो, डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. तो चावला की दहा-बारा दिवसांनी ताप आणि डोकेदुखी. चावल्या जागी काळी खपली धरते. ती दुखत नाही, बहुतेकदा खाजतही नाही, म्हणून कोणी बघत नाही. आणि मेली बसते कुठे, तर काखेत, कमरेला, जांघेत. जवळपास गाठ येते, आपण अवधाण म्हणतो ते.

रक्ताचा रिपोर्ट यायला दोन आठवडे. पण खपली दिसली तर रिपोर्टची वाट बघायची नाही, त्याच दिवशी औषध सुरू. दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. औषध उशिरा मिळालं तर मात्र फुफ्फुसात जातं, डोक्यात जातं. म्हणून पान नऊ सगळ्यात महत्त्वाचं: 'अंगावर खपली: आहे / नाही'. जे असेल त्याला गोल करायचा.

"डोक्यापासून पायापर्यंत स्वतः बघायचं, बकुळाताई. प्लीज."

बघेन की. ही पोर शाळेत होती तेव्हापासून मी माणसं बघतेय.

१२ ऑक्टोबर, रविवार

अकरा फॉर्म झाले. अकराही जणांना विचारलं, "अंगावर कुठे खपली, डाग, काही?" अकराही म्हणाले, नाही. आता बायकांना त्यांच्या ओट्यावर लुगडं सोडा म्हणू? की बाप्यांना चाळीच्या गॅलरीत चड्डी काढा म्हणू? माणसाचं तोंड बघितलं की कळतं मला.

पन्नास फॉर्मांचा गठ्ठा आहे. आज विहारातून आल्यावर चहा घेतला, टीव्ही लावला, आणि उरलेल्या एकोणचाळीस फॉर्मांवर पान नऊला 'नाही'भोवती गोल करून टाकले. नाहीतरी तेच लिहायचं आहे, मग घरोघरी उभ्याने कशाला खरडायचं? काय सुंदर गोल आलेत! बांगडी ठेवून काढल्यासारखे. जानूरावांना दाखवले. म्हणाले, "बढिया है. लेकिन किसी को खपली निकली तो?" म्हटलं, तुम्ही लूम बघा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

राहनाळ. फॉर्म नंबर सतरा: प्रितेश, गोदामात माल भरतो, चोवीस वर्षांचा. पाचव्या दिवशीचा ताप. गोदामामागच्या खोलीत चटईवर पडलेला, डोळे लालभडक. मलेरिया निगेटिव्ह. विचारलं, नाही म्हणाला. गोल होताच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सतरा नंबरच्या खोलीमागच्या गवताची माहिती पान अकराला हवी होती. गेले तर कमरेएवढ्या गवतात एक म्हातारी विळा घेऊन सपासप कापत होती. ही गोदूबाई. तिथली तीन गोदामं तिच्या मुलाच्या जमिनीवर. मुलगा केसरीनाथ, गळ्यात सोन्याची साखळी, दारात दोन गाड्या. आणि घरामागे हिच्या दोन म्हशी. मुलगा म्हणतो आई गवत कापू नको, लोकं हसतात. ही म्हणते हसू देत, दात त्यांचेच हायत.

मी विचारलं, "मावशी, सत्तरीत कशाला हे?"

"मंग काय गोदामान जाऊन बसू? खोक्यांशी काय बोलू मी?"

बाई माझ्या जातकुळीची निघाली. आम्ही दोघी गवताच्या भाऱ्याला टेकून दोन तास बसलो. तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. मी माझ्या सुनेचं सांगितलं, तिने तिच्या सुनेचं, आणि दोघींच्या सुना सारख्याच निघाल्या. पान अकरा रिकामंच राहिलं, ते रिक्षात भरलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

वाईट बातमी. सतरा नंबर हॉस्पिटलात आहे, शनिवारपासून ऑक्सिजनवर. कशाने ते अजून कोणाला कळत नाही. चोवीस वर्षांचा पोरगा.

मॅडम माझे फॉर्म चाळत होत्या. पान नऊवर बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "तुमचे गोल फारच एकसारखे येतात, बकुळाताई." मी म्हटलं, अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. स्तुती करतानाही लाजते ही मुलगी.

आमच्याकडे दिवाळी नाही, पण फराळ चहूकडून येतो. तो आम्ही धर्म न विचारता खातो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

प्रितेशला तिथे अंदाजाने औषधं दिली, ऑक्सिजन निघाला. वाचला बाई. जीव भांड्यात पडला माझा. तो माझा कोण, पण पडला.

अंघोळीला कमरेच्या मागे, परकराची नाडी बसते तिथे, हाताला खरखरीत लागलं. नाडी घट्ट बांधायची सवय आहे मला, त्याचा वळ. आमच्या आईलाही होता.

२७ ऑक्टोबर, सोमवार

डोकं ठणकतंय. लूमचा आवाज. तीस वर्षं त्या आवाजात राहून आज कसा बाधला कोण जाणे.

आज फॉर्म नंबर एक्केचाळीस, आणि तो कोणाचा तर आमच्या गोदूबाईचा. कालपासून ताप. ओट्यावर खाटेवर बसलेली, डोक्याला फडकं बांधून. केसरीनाथ उभे, त्यांचा ड्रायव्हर उभा, सून दारात. मी सविस्तर समजावून सांगितलं. केसरीनाथ म्हणाले, "ओ मॅडम, किडा कसा येल आमच्याकडं? खाली टाइल्स हायत, वर एसी हाय."

"मावशी, अंगावर कुठे खपली, डाग, काही?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "न्हाय," म्हणाली.

रक्त घेतलं, तापाची गोळी दिली, पाणी भरपूर प्या म्हटलं. आज सुकटीच्या चटणीचं विचारलंसुद्धा नाही तिने. रागावली की काय?

२९ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसचा थर्मामीटर बिघडलाय. सहज मला लावून बघितला तर एकशे एक दाखवतो. मॅडमच्या टेबलावर चिठ्ठी लावून परत ठेवला: 'नादुरुस्त. बकुळा.'

जांघेत गाठ आल्यासारखी वाटते. रिक्षातून उतरताना ताण पडला असणार. त्या रिक्षावाल्यांना फूटपाथला चिकटून थांबवायला काय होतं?

३० ऑक्टोबर, गुरुवार

रिपोर्ट आले. पहिल्या चोवीस जणांचे. सात जणांना स्क्रब टायफस. सतरा नंबर त्यात आहे.

मॅडमनी कागद समोर ठेवला आणि हळूच विचारलं, "बकुळाताई, सातांपैकी एकाच्याही अंगावर खपली नव्हती? सगळ्यांना असते असं नाही, पण सातातल्या एकालाही नाही?"

मी ताडकन म्हटलं, "नव्हती म्हणजे नव्हती. मी काय खोटं लिहीन?" आणि पर्स उचलून बाहेर आले. चपला उलटसुलट पायांत घातल्या. रागाने.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

रागाने नाही.

हे फक्त इथे लिहिते. मी कोणाचंच अंग बघितलं नाही. एक्केचाळीस जणांचं नाही. विचारलं आणि गोल केला. नंतर नंतर तर गोल आधी होता, विचारलं मागून. प्रितेशची काख बघितली असती तर चौदा तारखेलाच त्याला औषध मिळालं असतं. चार दिवसांनी तो हॉस्पिटलात गेला. त्याची आई गावाहून दोन दिवस प्रवास करून आली होती म्हणे.

सव्वीस वर्षांची नर्स आणि एक शर्ट वर करून बघता आला नाही मला. आग लागो माझ्या सुंदर गोलांना.

आणि गोदूबाई. तिचा आज सहावा दिवस.

डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय. मन खातं तेव्हा अंगही दुखतं, असं आई म्हणायची.

१ नोव्हेंबर, शनिवार

राहनाळला गेले. गोदूबाई आतल्या खोलीत एसीत पडलेली. ताप एकशे तीन (नवा थर्मामीटर आहे हा, हाही जास्तच दाखवतो असं वाटतंय, पण तिच्या कपाळाला हात लावला तर पोळला). मला बघून म्हणाली, "आयो, चंद्रा आली." चंद्रा म्हणजे तिची बहीण, जाऊन वीस वर्षं झाली, असं सून म्हणाली.

म्हटलं, मावशी, मला तुझी कमर बघायची आहे. तिने निऱ्यांची गाठ दोन्ही मुठीत धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. तापातही काय जोर! मी एक बाजू ओढतेय, ती दुसरी ओढतेय. सून म्हणाली, राहू द्या मॅडम, त्या डॉक्टरलापण हात लावू देत नाहीत, नाडी फक्त मनगटाची देतात. केसरीनाथांनी तीन डॉक्टर आणले, तिघांनी लांबूनच सलाइन लिहून दिलं. उद्या ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेणार म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलातही ती गाठ सोडणार नाही, ते मला माहीत आहे. मग तिथे पुन्हा मलेरिया, पुन्हा डेंगी, आणि तिचे दिवस जातील.

मॅडमना फोन करावा, पण काय सांगू? मीच लिहून दिलंय, नाही म्हणून.

जानूरावांना सगळं सांगितलं. एकदा तरी मराठीत बोलले: "जा मग. सकाळी लवकर जा. आणि त्या कागदाचं भेंडोळं घरी ठेव."

२ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहायला हवं.

आठ वाजता पोचले. केसरीनाथ गाडी काढत होते. त्यांना म्हटलं, अर्धा तास द्या, आणि बाप्या माणसांनी अंगणात थांबायचं. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि ड्रायव्हरला घेऊन गेले. सुनेलाही बाहेर काढलं. दार लावलं. पेन नाही, फॉर्म नाही, हात मोकळे. खुर्ची सोडून खाटेच्या कडेला बसले.

गोदूबाई सकाळच्या वेळी जरा शुद्धीत होती. म्हणाली, "बकुले, तू पन डोला लाल करून आलीस? तुना काय झाला?"

"मला काही नाही झालं. मावशी, गाठ सोड. एकदाच बघते."

"न्हाय."

"अगं, मी पण बाईच आहे ना?"

"बाई हायस तं तू सोर ना तुझा." आणि भिंतीकडे तोंड.

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, एवढंच ना? घे! पदर खांद्यावर टाकला, पाठ तिच्याकडे केली, परकराची नाडी सैल केली आणि कमर उघडी टाकली. "बघ. बघून घे. आहे का काही? झाली का लाज? आता तुझी पाळी."

मला वाटलं झोपली. मग तिचं गरम बोट माझ्या कमरेवर टेकलं.

"हाय."

"काय हाय?"

"काला. बिडीचा चटका बसल्यावानी. तुझा नवरा बिडी वढतो का गो?"

"मावशी, तो नाडीचा वळ आहे."

"नाडीचा वल कमरेभोवती फिरतो. यो एका जागी हाय, पावलीयेवढा, कडेन लाल." मग म्हणाली, "असाच माझ्याकडं हाय."

आणि स्वतःच गाठ सोडली. कमरेच्या डाव्या बाजूला, जिथे लुगड्याचा पीळ बसतो, तिथे. काळी, गोल, कडेने लाल. प्रशिक्षणात दाखवलेल्या फोटोतली खपली मला गोदूबाईच्या कमरेवर दिसली, आणि आम्ही दोघी खाटेवर, एकमेकींकडे उघडी कमर करून, दोघीही तापाने फणफणलेल्या. मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. मग मी रडले. ती नाही रडली.

मी विचारलं, "मग सोमवारी नाही का म्हणालीस?"

"तू ओट्यावर बसलीस. केसऱ्या उभा, त्याचा डायवर उभा. तू कागदाकडं बघतस, माझ्याकडं न्हाय." तिने श्वास घेतला. "आन गोल तं तू आधीच काढलेला व्हता. मना वाचता येत न्हाय, पन दिसता. ना मंग मी हाय बोलून काय करू?"



मॅडमना फोन केला. म्हटलं, दोघींना आहे. "कोणत्या दोघी?" म्हटलं, एक्केचाळीस नंबर आणि मी. वीस मिनिटांत आल्या, केस ओले, एका पायात मोजा. दोन्ही खपल्या बघितल्या, अवधाण दाबून बघितलं आणि हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली. पहिल्याच ओळीत खपली, खाली औषधाचं नाव. तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, प्लीज न म्हणता. गोदूबाईला हॉस्पिटलात दहाला सलाइनमधून औषध सुरू झालं. मला नऊलाच गोळी मिळाली, केसरीनाथांच्या फ्रिजमधल्या पाण्याबरोबर.

केसरीनाथ सारखे म्हणत होते, "पन मॅडम, टाइल्स हायत ओ." शेवटी गाडीतून गोदूबाई ओरडली, "अरं, गवतान टाइल्स लावल्यास काय?"

३ नोव्हेंबर, सोमवार

मॅडम घरी आल्या. मी आता पेशंट आहे, तेव्हा माझाही फॉर्म भरायला हवा. जानूरावांनी चहा केला, साखर विसरून. पुढचा नंबर बेचाळीस. माझ्याच पिशवीतून त्यांनी तो काढला. नाव, वय, तापाचे दिवस. मी सगळं खरं सांगत होते. मग त्यांनी पान नऊ उलटलं.

'अंगावर खपली: आहे / नाही'. 'नाही'भोवती गोल. बांगडी ठेवून काढल्यासारखा. बारा तारखेला, टीव्हीसमोर, माझ्या हाताने, माझ्याच फॉर्मवर.

मी म्हटलं, "उरलेल्या आठांवरही आहे. आणि आधीच्या एक्केचाळीसांत मी एकाचंही अंग बघितलेलं नाही. मला काढून टाका. प्रितेशच्या आईला मी स्वतः जाऊन सांगते."

मॅडम म्हणाल्या, "मला वीस तारखेलाच वाटलं होतं. एवढे एकसारखे गोल ओट्यावर बसून कोणी काढू शकत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. मला भीती वाटली." त्यांचाही चेहरा उतरला होता. "दहा दिवस गप्प बसले मी. गोदूबाईंचा ताप त्यातच आला. तुमचाही."

मी तो फॉर्म फाडायला घेतला. त्यांनी हात धरला. म्हणाल्या, संशोधनात चूक फाडत नाहीत, पांढरी शाई लावत नाहीत. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं, सही करायची, तारीख घालायची.

मी रेघ मारली. 'आहे' लिहिलं. सही, तारीख. मग मॅडमनी बरोबर आणलेले बाकीचे एक्केचाळीस काढले आणि प्रत्येकावर रेघ मारून लिहिलं: 'पाहिलं नाही'. सही, तारीख. एक्केचाळीस वेळा. अक्षर चांगलं आलं नाही. मॅडम शेवटच्या सहीपर्यंत शेजारी बसून होत्या.

नोकरीचं वरचे साहेब ठरवतील म्हणाल्या. त्या स्वतःचं नावही त्यात घालणार आहेत. नको म्हटलं, ऐकलं नाही. आवाज बारीक आहे, पण हट्टी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

ताप गेला. सकाळी उठले तर डोकं हलकं आणि पहिला विचार चटणीचा. उन्नतीचा फोन आला, ती गोदूबाईची नात: "आजी बसली उठून. नर्सला ओरडते, म्हशींचं विचारते." शुद्धीत आहे म्हणजे. मी फोनवरच मोठ्याने हसले. जानूराव धावत आले, त्यांना वाटलं ताप परत चढला.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रितेशच्या आईला भेटले. सगळं सांगितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलाला म्हणाली, "बाई को पानी दे." तो अजून धापा टाकतो चालताना, तरी उठून त्याने पाणी दिलं. मी प्यायले. दर शनिवारी त्याला बघायला जाणार आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी मला ठेवलं. अट अशी, की ज्या एक्केचाळीस घरांत बघितलं नाही तिथे पुन्हा जायचं, आणि पहिले तीन महिने प्रत्येक फॉर्मवर मॅडमची सही. कबूल. मॅडमनी पान नऊ नवीन छापून आणलंय. त्यात आता तीन रकाने आहेत: आहे, नाही, पाहिलं नाही. खाली विचारलंय, 'कोणी पाहिलं?' आणि, 'त्या वेळी खोलीत कोण कोण होतं?' दुसरा प्रश्न गोदूबाईचा आहे. तिला त्याचं मानधन मिळायला हवं असं मी शेऱ्यात लिहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

राहनाळमध्ये नवा पेशंट. निरोप गोदूबाईनेच पाठवला आणि माझ्याआधी पोचलीही. हॉस्पिटलातून आल्यापासून ही बया माझ्यापुढे चालते. म्हशींचं गवत आता केसरीनाथ विकत आणतात, म्हणून हिला वेळच वेळ आहे.

बाईचं नाव तुळजा. तिशीतली, गोदामात पॅकिंगला जाते, सासूबरोबर मागच्या रानात गवत कापते. ताप कालपासून. मी नवरा, दीर, सासरे, सगळे बाहेर काढले. दार लावलं. पेन पिशवीत ठेवलं. खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, "तुळजा, अंग बघायचं आहे."

तिने पदर घट्ट ओढला. मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मी गोदूबाईकडे बघितलं. गोदूबाईने माझ्याकडे बघितलं. आतापर्यंत नऊ घरांत हे झालंय, माझी कमर अर्ध्या राहनाळने पाहिली. खपली गळाली, डाग आहे अजून.

"बकुले," गोदूबाई म्हणाली, "फिर."

मी फिरले.

फॉर्म नंबर एक्कावन्न. अंगावर खपली: आहे, उजव्या काखेत. कोणी पाहिली: बकुळा, गोदूबाई. तापाचा दिवस: दुसरा. औषध सुरू: आज.